थायरॉईडची गोळी: डोस वाढवायच्या आधी आपली सकाळ तपासा

सांगलीत माझं छोटं मेडिकल आहे, आणि काऊंटरवर उभं राहून एकच गोष्ट इतक्या वेळा ऐकलीये की म्हटलं लिहूनच काढू. चिठ्ठी पुढं येते, मागच्या वेळी ५० ची होती, आता ७५ ची. मी विचारतो सकाळी गोळी कशी घेता, तर उत्तर ठरलेलं, "उठल्या उठल्या, चहाबरोबर." झालं. गोळी पोटात जाते पण रक्तात पूर्ण उतरत नाही, मग रिपोर्टात टीएसएच (थायरॉईडचा हार्मोन कमी पडला की वाढणारा आणि जास्त झाला की उतरणारा रक्ततपासणीतला आकडा) वाढलेला दिसतो, डॉक्टरांना वाटतं डोस कमी पडतोय आणि ते वाढवतात. त्यांना तरी काय माहीत, चहाचं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

कुपवाडच्या एक काकू आमच्याकडं नेहमी येतात. वर्षभरात त्यांचा डोस ५० वरून ७५, ७५ वरून १०० झाला, तरी टीएसएच हटत नव्हता. एक दिवस दुकानात गर्दी नव्हती, म्हणून स्टूल दिलं बसायला आणि म्हटलं, काकू, उठल्यापासून काय काय करता ते सगळं सांगा. "पाचला उठते, च्या टाकते, दोन बिस्किटं बुडवून खाते आन् शेवटच्या घोटाबरोबर गोळी. आन् ती हाडाची गोळी पण त्याच टायमाला, म्हणजे विसरायला नको." हाडाची गोळी म्हणजे कॅल्शियम. दुधाचा चहा, बिस्किट, कॅल्शियम, सगळं एका मिनिटात! त्या काकूंचं पुढं काय झालं ते खाली सांगतो, कारण तोही एक धडाच आहे.

हे सगळं थायरॉईड कमी काम करतो म्हणून लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स असल्या नावांनी जी मिळते ती. ज्यांचा थायरॉईड जास्त काम करतो त्यांना कार्बिमाझोल वगैरे दुसरी औषधं असतात, त्यांनी यातलं काही स्वतःला लावून घेऊ नये. आणि डोस किती हे डॉक्टरच ठरवणार, मी फक्त घ्यायची पद्धत सांगतोय.

## १. बाटली घेतली की आधी आकडा वाचा

ही गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. १२.५, २५, ५०, ६२.५, ७५, ८८, १०० अशा कितीतरी ताकदीच्या गोळ्या बाजारात आहेत आणि बाटल्या दिसायला भावाभावांसारख्या. सगळ्यात डेंजर जोडी म्हणजे १२.५ आणि १२५. एक टिंब हुकलं की दहापट डोस. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत ते टिंब दिसत नाही, फोनवर ऑर्डर देताना ऐकू येत नाही. म्हणून फोनवर "साडेबारा" किंवा "एकशे पंचवीस" असं अख्खं बोला, आणि घरी जायच्या आधी काऊंटरवरच जुन्या बाटलीशी ताडून बघा. कधी कधी चिठ्ठीत ०.१ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ते म्हणजे १०० मायक्रोग्रॅम, त्यात घाबरायचं काही नाही.

कंपनी शक्यतो बदलू नका. दुकानात तुमची नसेल तर दोन दिवस थांबा पण तीच मागवा, हे मी दुकानदार असून सांगतोय. बदलावीच लागली तर डॉक्टरांच्या कानावर घाला आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून बघा, कारण दोन कंपन्यांच्या गोळ्या आकडा एक असला तरी अंगात थोड्या कमी-जास्त उतरू शकतात.

तपासा: बाटलीवरचं नाव, आकडा, एक्सपायरी. तिन्ही. चष्मा लावून.

## २. ठेवायची जागा

या गोळीला ऊन, ओल आणि उष्णता तिन्हीचा त्रास होतो. आपल्याकडं बाटली कुठं असते? गॅसच्या वरच्या फळीवर, मसाल्याच्या डब्यांशेजारी, नाहीतर खिडकीत देवाच्या बाजूला जिथं सकाळचं ऊन येतं. एका गिऱ्हाईकाने जपून ठेवलेली बाटली दाखवायला आणली होती, आत गोळ्यांच्या कडा झडून तळाला पांढरा भुगा साठलेला, आणि त्या भुग्यातूनच रोज एक उचलून घेणं चालू होतं.

बेडरूममधलं कपाट किंवा ड्रॉवर बरा. फ्रीजची गरज नाही, बाटलीवर जे तापमान छापलंय तेवढं सांभाळलं की झालं. महिन्याभराच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत काढून ठेवू नका, मूळ बाटलीतच राहू द्या, झाकण घट्ट, आत ओल शोषणारी पुडी असेल तर ती फेकू नका. एप्रिल-मे मध्ये गाडीच्या डिकीत तर अजिबात नको, सांगलीचं ऊन तुम्हाला माहितीये.

सावध: घरात लहान मूल असेल तर बाटली उंचावर ठेवा. गोळी बारीक आणि गोड-कडू काहीच न लागणारी, पोरं सहज तोंडात टाकतात. मुलाने गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय जरी आला तरी लगेच दवाखान्यात न्या, "खेळतंय की मस्त" म्हणून घरी थांबू नका, कारण या औषधाचा त्रास काही वेळा दोन-चार दिवसांनी दिसायला लागतो.

## ३. वेळ एकच ठरवा, आणि ती तुमच्या घराला झेपणारी असू द्या

दोनच वेळा चालतात. एक म्हणजे सकाळी उठल्यावर, पूर्ण रिकाम्या पोटी, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमलं तर एक तास, पाण्याशिवाय काही नाही. दुसरी रात्री झोपताना, शेवटचं खाणं होऊन किमान तीन तास झाल्यावर.

रात्रीची ऐकायला सोपी वाटते. पण आपल्याकडं नऊ-साडेनऊला जेवण, वर दूध-हळद, दहाला आडवं. तीन तास कुठून आणणार? त्यामुळं मी बहुतेकांना सकाळचीच सांगतो. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्यांनी मात्र घड्याळाकडं न बघता आपल्या झोपेकडं बघावं, म्हणजे झोपून उठल्यावर, मग ते दुपारचे दोन का असेनात. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर डॉक्टरांशी बोलून एक वेळ पक्की करून घ्या.

## ४. रोजचा क्रम

आता नेमकं काय कधी करायचं ते. दिसायला अगदी सोपं, आणि चुका सगळ्या इथंच होतात.

१) रात्री झोपताना गोळीची बाटली आणि पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा, घरात लहान मूल असेल तर बाटली मात्र उंचावरच. सकाळी स्वयंपाकघरात गेलात की चहा जिंकणार, हे गृहीत धरा.

२) उठल्यावर आधी गोळी. साध्या पाण्याबरोबर, अर्धा ग्लास तरी. लिंबू-मध पाणी नको, जिरा पाणी नको, आवळ्याचा रस नको. साधं पाणी.

३) लगेच घड्याळ बघा किंवा मोबाईलला तासाभराचा गजर लावा. "थोड्या वेळाने" म्हणजे आपल्याकडं दहा मिनिटं असतात.

४) त्या तासात तोंड धुणं, अंघोळ, देवपूजा, फिरायला जाणं, पाणी भरणं सगळं उरका. खाणंपिणं तेवढं नाही.

५) गजर वाजला की चहा, मग नाश्ता.

"काळा चहा चालेल का, दूध नाही त्यात?" हा प्रश्न रोज असतो. नाही. कॉफीने तर शोषण कमी होतंच, दुधानेही होतं, चहालाही तासभर थांबवा. अगदीच डोकं दुखत असेल तर अर्ध्या तासाने घ्या, पण मग रोज अर्ध्या तासानेच घ्या. एक दिवस दहा मिनिटं आणि एक दिवस दीड तास असं केलं तर टीएसएच वरखाली होत राहतो आणि डोसचा अंदाज कुणालाच लागत नाही.

काहींना एक दिवस ५० आणि एक दिवस ७५ असं सांगितलेलं असतं. हे डोक्यात ठेवू नका. भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक तारखेवर आकडा लिहा आणि घेतली की खूण करा. पेन तिथंच दोऱ्याने बांधून ठेवा, नाहीतर पेन शोधण्यात खूण राहते आणि मग दुपारी "घेतली का गं मी?"

तपासा: आठवडाभर रोज दोन वेळा लिहून ठेवा, गोळीची आणि चहाची. मधलं अंतर कागदावर बघितलं की बऱ्याच जणांना आपण काय करत होतो ते तिथंच कळतं.

## ५. चार तासांची भिंत

काही गोळ्या थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, पुढं जाऊ देत नाहीत. त्यांच्यात आणि हिच्यात चार तास पाहिजेत, अर्ध्या तासाचं इथं काम नाही.

कॅल्शियम पहिलं. लोहाची गोळी दुसरी, आशाताई देतात ती पण आणि आपल्याकडून विकत नेता ती पण. मल्टिव्हिटॅमिन तिसरी, कारण त्यात लोह-कॅल्शियम दोन्ही लपलेलं असतं आणि लोक म्हणतात "ती तर नुसती ताकदीची गोळी आहे". ॲसिडिटीची गुलाबी-पांढरी पातळ औषधं पण यातच आली.

साधी मांडणी अशी, सकाळी सहाला थायरॉईड, दुपारच्या जेवणाच्या आसपास लोह, रात्री जेवणानंतर कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियम पण एकत्र घ्यायचं नसतं, त्यामुळं दोन्ही कामं होतात.

पॅन्टोप्राझोलचं प्रकरण जरा वेगळं. ही ॲसिडिटीची गोळी पण सकाळी उपाशीपोटीच सांगितलेली असते, म्हणून लोक दोन्ही एकदम गिळतात. इथं नुसतं अंतर ठेवून भागत नाही, कारण ती पोटातलं आम्लच दिवसभर कमी करते आणि थायरॉईडची गोळी विरघळायला ते आम्ल लागतं. वर्षानुवर्षं कुणालाही न विचारता पॅन्टोप्राझोल खाणारे आपल्याकडं कमी नाहीत. चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, ते बंद करायची की डोस जुळवायचा ते बघतील.

सोयाबीन. सोयाचं पीठ, सोया चंक्स, सोया दूध हे सकाळच्या गोळीच्या जवळपास नको. बाकी कोबी-फ्लॉवर शिजवून खायला काही हरकत नाही, उगाच घरात कोबी बंद करून बसू नका.

सावध: रक्त पातळ करायची वॉरफरिन, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर थायरॉईडचा डोस सुरू होताना किंवा बदलताना त्या औषधांचा हिशेब पण बदलू शकतो. ज्या डॉक्टरांकडं ती औषधं चालू आहेत त्यांनाही कळवा. मिरजेचे हार्टचे डॉक्टर वेगळे, गल्लीतले फॅमिली डॉक्टर वेगळे, आणि दोघांना एकमेकांची चिठ्ठी माहीत नाही, असं सर्रास असतं. सगळ्या चिठ्ठ्या एका फाईलमध्ये ठेवा आणि दोन्हीकडं तीच फाईल न्या.

## ६. विसरलात तर

घाबरू नका. हे औषध रक्तात अर्ध्यावर यायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळं एक दिवस राहिली तर आकाश कोसळत नाही. त्याच दिवशी आठवलं आणि खाऊन तीन तास झालेत तर घेऊन टाका, पुढं तासभर काही खाऊ नका. दुसऱ्या दिवशी आठवलं तर त्या दिवसाची नेहमीची एकच घ्या. मनानेच दोन घेऊ नका.

आठवडाभर किंवा जास्त राहिली असेल तर डॉक्टरांना फोन करा, विशेषतः वय जास्त असेल किंवा हार्टचा त्रास असेल तर. आणि खरं सांगा हो! लोक लाजून सांगत नाहीत, मग खराब रिपोर्ट बघून डोस वाढतो.

"बरं वाटतंय म्हणून सोडली" हे सगळ्यात जास्त ऐकतो. बरं वाटतंय ते गोळीमुळंच. बंद केली तर लगेच काही जाणवत नाही आणि तिथंच माणूस फसतो. दोन-तीन आठवड्यांनी सुस्ती, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं, केस गळणं हळूहळू परत येतं, तोवर गोळी सोडलेली पण विसरलेली असते.

## ७. रक्ततपासणीच्या दिवशी

डोस सुरू झाला किंवा बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच. त्याआधी केला तर अर्धवट आकडा येतो आणि उगाच गोंधळ. एकदा जमून बसलं की सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, डॉक्टर सांगतील तसं.

त्या दिवशी सकाळी रक्त देऊन मग गोळी घ्या, बाटली पर्समध्ये टाकून न्या. गोळी घेतल्यावर दोन ते चार तास रक्तातला टी४ (थायरॉईडचा हार्मोन, गोळीत असतो तोच) तात्पुरता वर जातो आणि रिपोर्ट फसवतो. दर वेळी साधारण त्याच वेळेला रक्त द्या, टीएसएच दिवसभरात कमी-जास्त होत असतो.

केसांच्या गोळ्या खाताय का? त्यात बायोटिन असतं. बऱ्याच मशीनवर बायोटिनमुळं टीएसएच खोटाच कमी आणि टी४ खोटाच जास्त दिसू शकतो, म्हणजे डोस जास्त झालाय असं वाटेल. तपासणीच्या आधी किमान दोन दिवस ती बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा, आणि लॅबवाल्यालाही सांगून ठेवा.

## ८. पद्धत सुधारलीत तर डोसवर लक्ष ठेवा

आता कुपवाडच्या काकू. माझं ऐकून त्यांनी सकाळ एकदम शिस्तीत आणली, साध्या पाण्याबरोबर गोळी, तासाने चहा, कॅल्शियम रात्री. मी खूश. पण डोस तोच १०० चा राहिला, आणि मी पण त्या वेळी पुढचं बोललो नाही, ही माझी चूक. चहाबरोबर घेताना जो १०० कमी पडत होता तो आता अख्खा अंगात उतरायला लागला. दोन महिन्यांनी आल्या तर हात थरथरत होते, सुटे पैसे मोजताना नाणी काऊंटरवर पडत होती. "छातीत धडधडतंय, झोप न्हाई, घाम फुटतोय." टीएसएच पार तळाला गेला होता. डॉक्टरांनी डोस उतरवत परत ५० वर आणला, आणि आज त्याच ५० वर त्या व्यवस्थित आहेत.

म्हणून हे वाचून उद्यापासून पद्धत बदलणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, "आजवर चहाबरोबर घेत होते, आता रिकाम्या पोटी घेणार," आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करा. वय झालंय, हार्टचा त्रास आहे, त्यांनी तर न सांगता काही बदलूच नका.

सावध: धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, वजन घटणं, वारंवार जुलाब ही डोस जास्त होत असल्याची लक्षणं, डॉक्टरांना लगेच दाखवा. छातीत दुखतंय, दम लागतोय किंवा चक्कर येऊन पडलात तर वाट न बघता दवाखाना. डोस बरीच वर्षं जास्त राहिला तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं ठिसूळ होतात, त्यामुळं वजन उतरवायला शेजारणीची गोळी मागून खाणाऱ्यांना मी सरळ हाकलतो.

## ९. दिवस गेले तर

टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा, पहिल्या सोनोग्राफीपर्यंत थांबू नका. गरोदरपणात गरज वाढते, बहुतेकींचा डोस पंचवीस ते तीस टक्क्यांपर्यंत वाढवावा लागतो, आणि पहिल्या महिन्यांत बाळ पूर्णपणे आईच्याच हार्मोनवर अवलंबून असतं. "गरोदरपणात गोळ्या नकोत" म्हणून सासूबाईंनी ही गोळी बंद करायला लावल्याची उदाहरणं माझ्यासमोर आहेत. ही बंद करायची नाही. निम्मे दिवस भरेपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी टीएसएच असतो, आणि बाळंतपणानंतर डोस परत आधीच्या आकड्यावर येतो, मग सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. अंगावर पाजताना चालते. लोह-कॅल्शियम याच काळात सुरू होतं, तेव्हा वरची चार तासांची भिंत इथं दुप्पट सांभाळा.

## १०. उपवास, दिंडी आणि पूर

उपवासाला गोळी चालते, पाण्याबरोबरच तर आहे. हरतालिकेला निर्जळी असाल आणि एक दिवस राहिली तर ठीक, पण नवरात्रात नऊ दिवस बंद ठेवू नका. उपवासाच्या सकाळी दूध-केळ्यालाही तासाचा नियम आहेच.

पंढरपूरला पायी जाणाऱ्यांनो, दिंडीत पहाटे उठलं की हातात चहाचा कप येतोच, नाही म्हणता येत नाही. रात्री गोळी उशाच्या पिशवीत ठेवा आणि चालायला उठायच्या आधी, अंथरुणातच घ्या, चहा पुढच्या थांब्यावर.

आणि कृष्णाकाठच्या लोकांसाठी एक. २०१९ च्या पुरात कितीतरी घरांतल्या औषधाच्या बाटल्या पाण्यात गेल्या आणि मेडिकलही बंद, आमचंसुद्धा. पावसाळ्यात महिन्याभराची बाटली जादा घेऊन ठेवा. आयर्विन पुलाजवळ पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीला आलं की बाटली, चिठ्ठीचा फोटो आणि शेवटचा रिपोर्ट एका प्लॅस्टिक पिशवीत बांधून कागदपत्रांच्या बॅगेत टाका. भिजलेल्या बाटलीतल्या गोळ्या वाळवून खाऊ नका, आमच्याकडं तशाही आणल्या होत्या एकाने, वर्तमानपत्रावर पसरून सुकवलेल्या.